बर्फाच्या देशातला वेली गुलाब

गुलाबाला थंडी मानवते असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबरची छाटणी उरकली की डिसेंबर-जानेवारीत गुलाब भरभरून फुलतो. फुले मोठी येतात, रंग गडद उतरतो. पण आपली थंडी म्हणजे रात्रीचे दहा-बारा अंश. कॅनडातील ओटावा किंवा अमेरिकेतील मिनिआपोलिस अशा शहरांत जानेवारीतल्या एखाद्या रात्री तापमान उणे २५ ते उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. जमीन कित्येक आठवडे दगडासारखी गोठलेली असते. अशा ठिकाणीही लोक हौसेने गुलाब लावतात.

त्या बागांमध्ये एक गोष्ट नेहमी दिसते. शेजारीशेजारी लावलेल्या दोन गुलाबांपैकी झुडपी गुलाब हिवाळ्यात जमिनीपर्यंत करपतो, वसंतात बुडातून पुन्हा फुटतो आणि जुलैत फुलतो. वेली गुलाबही बुडातून फुटतो, उन्हाळाभर जोमाने पुरुष-दीड पुरुष उंच वाढतो, पण एकही फूल देत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मूळ जिवंत, वाढ उत्तम, खतपाणी वेळेवर, तरी फुले नाहीत. असे का व्हावे? या प्रश्नाचा माग काढताना वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र आणि आनुवंशशास्त्र यांची एकाच ठिकाणी गाठ पडते. म्हणून हा विषय वर्गात घेण्याजोगा आहे असे आम्हांला वाटते.

फांदीचे वय

प्रथम वेली गुलाब म्हणजे काय ते पाहू. नावात वेल असली तरी त्याला काकडीसारखे ताणे नसतात आणि तो जाईसारखा आधाराला वेढेही घालत नाही. त्याच्या फांद्या नुसत्याच लांब व लवचीक असतात. रानात त्या शेजारच्या झाडांवर रेलतात आणि मागे वळलेल्या काट्यांनी अडकून राहतात. बागेत त्यांना जाळीला किंवा कमानीला बांधावे लागते.

महत्त्वाचा मुद्दा असा की, बहुतेक वेली गुलाबांची फुले यंदा जमिनीतून निघालेल्या लांब फांदीवर येत नाहीत. ही फांदी पहिल्या वर्षी नुसती वाढते. दुसऱ्या वर्षी तिच्या बाजूच्या डोळ्यांतून आखूड उपफांद्या निघतात आणि फुले त्यांवर येतात. वर्षातून एकदाच बहरणाऱ्या जातींत तर सगळा बहर असा मागील वर्षाच्या लाकडावरच असतो. पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या वेली जातींतही पहिला आणि सर्वांत मोठा बहर जुन्या फांदीवरचाच.

आता कोडे सुटते. झुडपी गुलाब त्याच वर्षीच्या फुटव्यावर फुलतो, त्यामुळे त्याला हिवाळा ओलांडण्यासाठी जिवंत बुंधा पुरेसा होतो. वेली गुलाबाला तेवढे पुरत नाही. त्याची दोन-तीन मीटर लांबीची फांदी, तिच्यावरच्या डोळ्यांसकट, हिवाळ्यापलीकडे जिवंत पोचली पाहिजे. मुळांना मातीचे पांघरूण असते, बुंध्याला हिमाचे असते. ही फांदी मात्र हिमाच्या थराच्या वर, उघड्या वाऱ्यात उभी असते. थंड प्रदेशात वेली गुलाब फुलवणे म्हणजे ही एक फांदी वाचवणे होय.

पेशीत बर्फ की पेशीबाहेर?

थंडीने झाड का मरते असे विचारले तर एक उत्तर हमखास येते: पाणी गोठताना प्रसरण पावते आणि पेशी फुटतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते हे बरोबर आहे. परंतु बागेतल्या फांदीच्या मरणाचे मुख्य कारण ते नव्हे.

फांदी हळूहळू थंड होत असताना पहिला बर्फ पेशींच्या आत नव्हे, तर पेशींच्या मधल्या जागेत आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत तयार होतो. तिथले पाणी जवळजवळ शुद्ध असते. पेशीच्या आतल्या रसात शर्करा व क्षार विरघळलेले असल्यामुळे त्याचा गोठणबिंदू खाली असतो. म्हणजे बाहेर बर्फ आणि आत न गोठलेला रस, मध्ये पेशीपटल, अशी स्थिती येते. एकाच तापमानाला बर्फावरील बाष्पदाब न गोठलेल्या रसावरील बाष्पदाबापेक्षा कमी असतो. त्यामुळे पाणी पेशीतून बाहेर येते आणि बाहेरच्या बर्फात भर घालते. पेशी सुकत जाते. थंडीत फांदीवर जे संकट येते ते मूलतः दुष्काळाचे असते.

याचा हिशेब विद्यार्थ्यांना मांडता येईल. समजा, पेशीरसाचा गोठणबिंदू उणे २ अंश आहे. फांदीचे तापमान उणे १० अंश झाले, तर आतला रस न गोठता टिकण्यासाठी त्याची संहती पाचपट व्हायला हवी. म्हणजे पाच भाग पाण्यापैकी चार भाग बाहेर जाणार आणि एकच भाग आत राहणार. आता समजा, त्या पेशीने आधीच शर्करा साठवून आपला गोठणबिंदू उणे ४ अंशांवर आणून ठेवला होता. मग उणे १० अंशांना तिच्यात पाच भागांपैकी दोन भाग पाणी शिल्लक राहील. पहिल्या पेशीच्या दुप्पट! प्रत्यक्षातील द्राव इतके आदर्श वागत नाहीत, पण दिशा हीच.

मग भरपूर शर्करा साठवून गोठणे पूर्णच का टाळू नये? हाही हिशेब करून पहा. एक किलोग्रॅम पाण्यात एक मोल साखर, म्हणजे ३४२ ग्रॅम, विरघळवली की गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. तो ३५ अंशांनी उतरवायचा तर याच प्रमाणाने किलोभर पाण्यात सहा किलोंहून अधिक साखर लागेल. असा पाक कोणत्याही पेशीला परवडणारा नाही. म्हणून थंडी सोसणारी वनस्पती बर्फ टाळत बसत नाही. ती बर्फ पेशीबाहेर होऊ देते आणि आतला दुष्काळ सोसण्याची तयारी ठेवते.

बर्फ पेशीच्या आत झाला तर मात्र त्या पेशीचे मरण निश्चित असते. तापमान फार वेगाने उतरले, पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तर असे घडते. म्हणून तापमान किती उतरले याबरोबरच ते किती वेगाने उतरले यालाही महत्त्व आहे.

तयारीचे आठवडे

दुष्काळ सोसण्याची ही ताकद फांदीत बारा महिने नसते. जुलैतली कोवळी फांदी उणे ४-५ अंशांत मरेल. तीच फांदी, जात काटक असेल तर, जानेवारीत उणे ३० अंश सहन करते. मधल्या काळात तिने तयारी केलेली असते.

ही तयारी साधारणपणे दोन टप्प्यांत होते. उन्हाळ्याच्या अखेरीस रात्री लांबू लागतात. पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य रात्रीची लांबी ओळखते. वाढ थांबते, शेंडा बंद होतो, फांदी लाकूड धरू लागते. दुसरा टप्पा थंडीचा. शून्याच्या थोडे वरचे तापमान आणि मग पहिली हलकी गोठण यांमुळे पेशीत मोठे बदल होतात. पिष्टमय पदार्थांचे शर्करेत रूपांतर होते. पाणी गेल्यावरही पेशीतील रचना कोसळू नये म्हणून काही विशिष्ट प्रथिने तयार होतात. पेशीपटलातील स्निग्ध पदार्थांत असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढते. याचा अर्थ समजायला स्वयंपाकघरातले उदाहरण पुरे आहे. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजते, करडईचे थिजत नाही. कारण करडईच्या तेलात असंपृक्त मेदाम्ले अधिक. पेशीपटलही थंडीत थिजून तडकू नये यासाठी वनस्पती असाच बदल करते.

इथे आधुनिक गुलाबाची अडचण पुढे येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले गुलाब युरोपात पोचले. युरोपातील बहुतेक गुलाब वर्षातून एकदा फुलत; हे चिनी गुलाब पुन्हा पुन्हा फुलत. संकरातून तो गुण आजच्या बागेतील गुलाबांत उतरला. परंतु हे पूर्वज उबदार प्रदेशातले. वाढ वेळेवर थांबवून निजण्याची सवय त्यांना नाही. पहिले कडक दहिवर पडेपर्यंत ते कळ्या धरत राहतात आणि कोवळ्या फांद्यांनिशी हिवाळ्याच्या तडाख्यात सापडतात.

पुन्हा पुन्हा फुलणे आणि वेलीसारखे वाढणे यांतही आतून ओढाताण आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने ती जनुकाच्या पातळीवर दाखवून दिली. फुले येण्याला आवर घालणारा एक जनुक गुलाबात असतो. सतत फुलणाऱ्या गुलाबांत या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसलेला असतो, त्यामुळे आवर सुटतो. ‘ओल्ड ब्लश’ या जुन्या चिनी गुलाबाचे एक वेली रूप आहे. त्यात या उपऱ्या तुकड्याचा बहुतांश भाग निघून गेलेला आढळला. आवर पुन्हा बसला, झाड वेलीसारखे वाढू लागले आणि वर्षातून एकदाच फुलू लागले. उंच वाढायचे की फुलत राहायचे, हा निर्णय वनस्पतीला कोठेतरी घ्यावाच लागतो.

फांदी हिमाखाली नेणे

फांदी वाचवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग माळ्याचा: फांदीच खाली, उबेत नेणे. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. इथे आकाशातून पडणाऱ्या भुरभुरीत बर्फाला हिम म्हणू. ताज्या हिमात सुमारे ९० टक्के जागा हवेने व्यापलेली असते. ही अडकलेली हवा उष्णता फारशी वाहू देत नाही. बाहेर उणे २५ अंश असताना हिमाच्या जाड थराखाली जमिनीलगत तापमान शून्याच्या थोडेसेच खाली असते. आपल्या गोधडीचे काम हिम करते. ते स्वतः ऊब देत नाही, जमिनीतली ऊब जाऊ देत नाही.

म्हणून मिनेसोटात आणि रशियाच्या थंड भागांत वेली गुलाब शरद ऋतूत आधारावरून सोडवतात. फांद्या सैल मोळीसारख्या बांधून, बुडाशी हळूहळू वाकवून जमिनीवर आडव्या करतात आणि वर माती, पालापाचोळा किंवा सूचिपर्णी झाडांच्या डहाळ्या घालतात. पुढे त्यावर हिम पडते. मिनेसोटात झुडपी गुलाबही एका बाजूची माती मोकळी करून चरात आडवे पुरण्याची पद्धत आहे. एप्रिलमध्ये पांघरूण टप्प्याटप्प्याने काढतात.

या कामात वेळेला फार महत्त्व आहे, आणि त्याचे कारण आता आपल्याला ठाऊक आहे. पांघरूण लवकर घातले तर तयारीचा दुसरा टप्पा, म्हणजे थंडीचा अनुभव, फांदीला मिळत नाही. शिवाय उबेत बुरशी येते. उशीर केला तर जमीन गोठते, आणि गोठलेली फांदी वाकवताना मोडते. म्हणून दोन-चार रात्री पाणी गोठेल अशी थंडी पडू द्यायची आणि जमीन मऊ आहे तोवर काम उरकायचे. पांघरुणाखाली उंदीर शिरून साल कुरतडतात, तेही पाहावे लागते.

बाकीचे नियमही याच तत्त्वातून निघतात. ऑगस्टनंतर नत्रयुक्त खत देत नाहीत, कारण त्याने कोवळी वाढ लांबते. शेवटची सुकलेली फुले खुडत नाहीत. फळे धरली की झाड नवी फूट काढण्याचे कमी करते. डोळा भरून केलेले कलम असेल तर कलमाचा सांधा जमिनीखाली सुमारे १० सेंटिमीटर जाईल असे लावतात. सांध्याच्या वरचा भाग मेला तर खालून खुंटरोपाचीच फूट येते, आणि माळी वर्षभर परक्याच गुलाबाला पाणी घालत बसतो. आपल्या सवयीने तिकडे कोणी ऑक्टोबरात वेली गुलाबाची छाटणी केली, तर पुढच्या वर्षीचा बहरच छाटला जाईल. तिथली छाटणी वसंतात, मेलेले लाकूड कोणते ते दिसू लागल्यावर होते.

काटक फांदी घडवणे

दुसरा मार्ग पैदासकाराचा: थंडी सोसण्याचा गुण फांदीतच आणणे. या मार्गावरचे पहिले मोठे पाऊल काहीसे योगायोगाने पडले.

‘रोझा रुगोसा’ हा ईशान्य आशियाच्या समुद्रकिनाऱ्यावरचा अत्यंत काटक गुलाब. ‘रोझा विचुराना’ हा पूर्व आशियातला जमिनीवर पसरणारा, लांब फांद्यांचा गुलाब. दोघांचा ‘मॅक्स ग्राफ’ नावाचा संकर १९१९ साली अमेरिकेत विक्रीला आला. तो काटक होता, पसरत होता, पण बी जवळजवळ धरतच नव्हता. कारण गुणसूत्रांत होते. दोन्ही पालकांच्या पेशींत १४ गुणसूत्रे; संकरात सात एकाची आणि सात दुसऱ्याची आली. ती एकमेकांशी नीट जोड्या जमवीनात, आणि जोड्या जमल्याशिवाय सशक्त परागकण वा बीजांड तयार होत नाही.

जर्मनीतील गुलाब-पैदासकार विल्हेल्म कोर्डेस यांना १९४० च्या सुमारास या संकराच्या दुर्मीळ बियांपासून एक वेगळे रोप मिळाले. त्यात गुणसूत्रांची संख्या आपोआप दुप्पट, २८ झाली होती. आता प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार होता. रोप बी धरू लागले. शिवाय बागेतल्या बहुतेक आधुनिक गुलाबांतही २८ गुणसूत्रे असल्याने त्यांच्याशी संकर करणे सुलभ झाले. १९५१ मध्ये या गुलाबाला ‘रोझा कोर्डेसी’ असे नाव मिळाले.

या गुलाबाचा उपयोग कॅनडात झाला. व्हिएन्नात शिक्षण घेऊन कॅनडात आलेल्या डॉ. फेलिसिटास स्वेदा यांनी १९६१ मध्ये ओटावाच्या मध्यवर्ती प्रायोगिक शेतावर गुलाबाची पैदास हाती घेतली. हिवाळ्यात पांघरूण न घालता जगेल, रोगांवर फवारे न मारता टिकेल आणि पुन्हा पुन्हा फुलेल असा गुलाब त्यांना हवा होता. निवडीची पद्धत साधी आणि कठोर होती. रोपे शेतात उघडी ठेवायची आणि निवड ओटावाच्या हिवाळ्यावर सोपवायची. बहुसंख्य रोपे मरणार हे गृहीतच होते. माळी एकेक रोप वाचवू पाहतो. पैदासकाराला हजारो रोपांच्या मरणातून एक फांदी शोधावी लागते.

त्यातून निघालेल्या जातींना कॅनडाच्या शोधाशी निगडित प्रवाशांची नावे दिली गेली. ‘मार्टिन फ्रोबिशर’ ही पहिली जात १९६८ ची. वेली जातींपैकी ‘जॉन कॅबट’ १९७८ मध्ये, ‘विल्यम बॅफिन’ १९८३ मध्ये, ‘हेन्री केल्सी’ १९८४ मध्ये आली. तिघांच्याही वंशात ‘रोझा कोर्डेसी’ आहे. ‘विल्यम बॅफिन’ अडीच-तीन मीटर चढतो आणि बिनपांघरुणाचा उभ्याउभ्या हिवाळा काढतो. फुले गडद गुलाबी, झुपक्यांनी येणारी; फुलदाणीतल्या लांब देठाच्या गुलाबाचा डौल त्यांत नाही. पण ज्या अंगणात वेली गुलाब दरवर्षी शून्यापासून सुरुवात करी, तिथे भिंतभर फुले आली. स्वेदा १९८६ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या जाती आजही थंड प्रदेशातल्या रोपवाटिकांत मिळतात.

नकाशावरचा आकडा

रोपवाटिकेत प्रत्येक जातीवर थंडीच्या पट्ट्याचा क्रमांक लिहिलेला असतो. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या नकाशात हे पट्टे वर्षातील नीचतम तापमानाच्या दीर्घकालीन सरासरीवरून पाडलेले आहेत. तिसरा पट्टा म्हणजे ही सरासरी सुमारे उणे ४० ते उणे ३४ अंश. ‘विल्यम बॅफिन’ या पट्ट्यासाठी योग्य मानला जातो.

हा आकडा उपयोगी आहे, पण तो एकाच रात्रीबद्दल बोलतो. ती रात्र कोणत्या महिन्यात आली, आधी तयारीला किती आठवडे मिळाले, हिम पडले होते की जमीन उघडी होती, हे तो सांगत नाही. फेब्रुवारीत आठवडाभर ऊब आली तर फांदी आपली तयारी काही अंशी सोडून देते. मग आलेली मध्यम थंडीही तिला मारते. दक्षिणेकडच्या भिंतीला टेकलेल्या वेलीला हा धोका अधिक, कारण तिथे दुपारच्या उन्हाने साल तापते. पृथ्वी तापत असताना थंड देशांतले हिवाळे सौम्य होत आहेत, म्हणून गुलाबाचे सोपे झाले असे कोणी म्हणेल. पण हिमाचा थर पातळ झाला किंवा थंडी-ऊब असा खेळ वाढला, तर सरासरीने सौम्य असलेला हिवाळाही फांदीला जड जाऊ शकतो.

वर्गात करण्यासारखे

यातील मुख्य कल्पना आपल्याकडेही पडताळता येतात.

१. बीटच्या सारख्या आकाराच्या चकत्या कापून रंग जाईपर्यंत धुवा. काही फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, काही बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी सारख्या पाण्याच्या दोन पेल्यांत वेगवेगळ्या टाका आणि अर्ध्या तासाने रंगाची तुलना करा. गोठलेल्या चकत्यांचे पाणी लालभडक होते, कारण पेशीपटलांनी धरून ठेवलेला रंग बाहेर आला. आम्ही प्रयोगशाळेत थंडीची इजा याच तत्त्वाने मोजतो. फक्त रंगाऐवजी बाहेर आलेल्या क्षारांमुळे पाण्याची विद्युतवाहकता किती वाढली ते पाहतो.

२. एका वाटीत साधे पाणी, दुसरीत साखरेचे दाट पाणी घेऊन बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पाहा. साखरेच्या पाण्यात आधी बर्फाचे स्फटिक होतात आणि त्यांच्यामध्ये अधिक गोड द्राव उरतो. सुकणाऱ्या पेशीत हेच घडते.

३. शाळेच्या बागेत वेली गुलाब किंवा बोगनवेल असेल तर एक लांब फांदी उभी आणि तशीच दुसरी आडवी बांधा. महिन्याभराने बाजूच्या फुटी मोजा. उभ्या फांदीत शेंड्याकडून येणारे ऑक्झिन हे संप्रेरक बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते. फांदी आडवी केली की हे वर्चस्व ढिले पडते. थंड देशातला माळी वसंतात वाचलेली फांदी पुन्हा जाळीवर चढवतो तेव्हा ती आडवी किंवा पंख्यासारखी बांधतो, ते यासाठीच. हिवाळ्यातून एक फांदी पार आली असेल, तर तिच्यावरचा प्रत्येक डोळा फुलावा असा त्याचा प्रयत्न असतो.